सोवला फ्रीज

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. हिराताईंची शेवटची सुई खराब झाली ती माझ्या फ्रीजमध्ये.

हिराताई आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या इथल्याच, राई गावच्या. बिल्डिंग उभी राहिली त्या जागेवर त्यांच्या सासऱ्यांचं शेत होतं. पार्किंगवरून भांडण जुंपलं की त्या गॅलरीतून ओरडायच्या, "भांडता कशाला? सगल्या गाड्या माझ्या वांग्यांवर उभ्या हायेत!" आयुष्य मासळी विकण्यात गेलेलं, दमाही तितकाच जुना. जिन्यात मध्येच बसायच्या आणि मागून येणाऱ्याला वाट देत म्हणायच्या, "व्हा पुढं. माझं इंजिन पानी पितंय."

मुलगी रूपाली नोकरीला होती. तिच्या कंपनीच्या विम्यातून डॉक्टरांनी त्यांना महिन्याची अँटिबॉडीची सुई सुरू केली. दम्याला चिथावणारं रक्तात जे असतं, त्याला ही आधीच धरून ठेवते, असं त्यांनी समजावलं. हिराताईंचे वडील मुर्ध्याच्या मिठागरावर राखणदार होते, त्यामुळे त्यांना ते चटकन कळलं. "तोंडात मारायचा पंप म्हंजे चोर आल्यावर मारलेली बोंब. सुई म्हंजे राखनदार. चोर बांधावरच येत न्हाय." आणि खरंच, त्या वर्षी त्या जिन्यात बसलेल्या मला दिसल्या नाहीत.

दवाखान्याची वेळ मिळेपर्यंत डोस फ्रीजमध्ये ठेवावा लागे. त्यांचा फ्रीज मावऱ्याने, म्हणजे मासळीने, ठासलेला. "औषधाला वास लागंल. तुमचा फ्रीज सोवला," असं म्हणून त्यांनी खोकं माझ्या हातात दिलं. सोवळा हा शब्द त्या तसाच म्हणायच्या. आमच्या घरात मासे शिजत नाहीत, हा माझा मोठा गुण असल्यासारखं त्या सगळ्यांना सांगायच्या. मला ते आवडायचं, हेही कबूल करतो.

मे महिन्यात मेव्हणे सहकुटुंब यायचे होते. आमरसाचं पातेलं बसेना, म्हणून मी खोकं मागे सरकवलं, अगदी बर्फाच्या भिंतीला. सकाळी ते भिंतीला चिकटलं होतं. ओढून काढलं. खोक्यावर छापलेलं होतं, गोठवू नये. आतली सुई कडक झाली होती. मी ती ओट्यावर ठेवून वितळू दिली, खोकं पुसलं, परत ठेवलं. दुपारी हिराताई न्यायला आल्या.

"गार हाय ना, भाऊ?"

"आहे," मी म्हणालो.

नवा डोस मागवता आला असता. त्यासाठी फक्त एक वाक्य बोलायला हवं होतं. पण मेव्हण्यांसमोर, बायकोसमोर, आणि सोवला म्हणणाऱ्या त्या बाईसमोर ते तोंडातून निघेना.

पुढच्या पंधरवड्यात त्या पुन्हा जिन्यात बसलेल्या दिसल्या. "राखनदार झोपला," म्हणाल्या आणि हसल्या. हसताना खोकला लागला. पुढचा डोस त्यांनी घेतलाच नाही. डॉक्टर बोलले, रूपाली रडली. "माझ्या अंगाला न्हाय लागत आता. उगा टोचून घ्यायचं कशाला?" मी तिथेच होतो, पाण्याचा ग्लास हातात धरून. थंडीत त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, आणि त्या परत आल्या नाहीत. त्या एका सुईमुळेच गेल्या, असं कुणी डॉक्टर सांगणार नाही. पण सुयांवरचा त्यांचा विश्वास कशामुळे उडाला, ते मला माहीत आहे.

आता रूपालीला धाप लागते. डॉक्टर तिलाही तीच सुई घे म्हणतायत. परवा जिन्यात, आई बसायची त्याच पायरीवर टेकून ती म्हणाली, "काका, आईला तरी कुठे लागू पडली? तुमच्याच फ्रीजमध्ये तर असायची. तुम्हीच सांगा, घेऊ का?"

"डॉक्टर म्हणतायत तर..." एवढं बोलून मी वर आलो.

तिच्या आईला लागू पडत होती. आईने सोडून दिलेलं औषध वाईट नव्हतं, ते मी गोठवलं होतं. हे सांगण्याचं देणं मी रूपालीला अजून लागतो.