डब्यातला बेस

गिटारमधून बेस काढता येतो, हे लग्नाच्या मांडवात कुणाला सांगून पटत नाही. लोकांना वाटतं, कुणीतरी मागे मोबाइलवर लावून ठेवलंय. खरं तर ब्रिजजवळ, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा जिथे टेकतात तिथे, तारांच्या खाली, एक पातळ पट्टी बसवायची असते. ती प्रत्येक तार वेगळी ऐकते आणि पायाशी ठेवलेल्या मशीनला कळवते. मशीन मग त्या सुराला हवा तो आवाज चढवतं, व्हायलिन म्हणा, बेस म्हणा. आमच्या बेसवाल्याने पहिल्याच दिवशी त्याला ‘डबा’ म्हटलं आणि तेच नाव राहिलं.

बोईसर-पालघरच्या पट्ट्यात हळदी वाजवणारा आमचा ग्रुप. बेंजो, ढोलकी, एक गाणारा, माझी गिटार आणि त्याचा बेस. सगळे कंपन्यांमधले, शिफ्टची अदलाबदल करून येणारे. आमचे कीबोर्डवाले काका रिटायर होऊन सांगलीकडे गेले, तेव्हा ते वाजवायचे त्या व्हायलिनच्या जागा भरायला मी डबा घेतला. व्हायलिनचं सोपं निघालं. तो आवाज मुळातच सावकाश चढतो, त्यामुळे मशीनला सूर ओळखायला लागणारा उशीर त्यात जिरून जातो. तार हलकेच छेडायची, नखाचा टक्कन आवाज येऊ द्यायचा नाही आणि पुढचा सूर लागेपर्यंत बोट उचलायचं नाही. काकांची आठवण यायची, पण ते हसत गेले होते, गावाकडे घर बांधून. त्यामुळे डब्याने त्यांची जागा घेतली याचं मला काही वाटलं नाही.

मग बेसवाला पडला. किनाऱ्यावरच्या मुरबे गावात, आपल्या घरी जेवायला बसला असताना डाव्या हातातून पाण्याचा तांब्या सुटला, आणि हातही तसाच खाली गेला. अर्धांगवायू. बोलणं शाबूत राहिलं, पाय ओढत का होईना चालू लागला. डावा हात मात्र आला नाही. बेस वाजवणाऱ्याचा डावा हात गेला म्हणजे काय गेलं, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आमच्यात एक रीत होती. सुपारी घेण्याआधी, म्हणजे कार्यक्रम पक्का करण्याआधी, प्रत्येकाला फोन करून तारीख विचारायची. सगळ्यांचं ‘हाय’ आलं की मगच होकार द्यायचा. तो अंथरुणाला खिळला तरी आम्ही त्याला विचारत राहिलो आणि तो ‘हाय’ म्हणत राहिला. “तवर बोटं चालतील, बघ,” हे वर. ऐन वेळी आम्ही वाणगावच्या एका पोराला बेसवर उभं करायचो आणि ‘तात्पुरता’ म्हणायचो. त्या पोराला दुसरीकडे नोकरी लागली, तेव्हा बेंजोवाला मला म्हणाला, “डब्यातनं बेस निघतो ना? मग बघ की जरा.”

मी बघितलं. जाड तार सावकाश थरथरते, तिचा सूर ओळखायला मशीनला वेळ लागतो आणि बेस ढोलकीच्या मागून धापा टाकत येतो. म्हणून बेस जाड तारांवर वाजवायचाच नाही. बारीक तारांवर वाजवायचा आणि मशीनमधून तो खाली उतरवायचा. दुसरी पंचाईत म्हणजे चोरटे सूर. शेजारच्या तारेला चुकून बोट लागलं, की गिटारमध्ये ते ऐकूही येत नाही, पण डबा त्याचा इमानदारीने बेस करून भोंग्यातून बाहेर फेकतो. त्याला उपाय एकच, न वाजणाऱ्या तारा तळहाताच्या कडेने दाबून धरायच्या. हे सगळं मला थोड्याच दिवसांत जमलं. दुपारी घरात एकटाच वाजवत होतो आणि स्वच्छ, गोल, भरीव बेस आला. मी चटकन मशीन बंद केलं. चोरी करताना सापडल्यासारखं वाटलं मला.

कारण हा आवाज एकदा ग्रुपने ऐकला, की मुरब्याला फोन करायचं कारणच उरणार नव्हतं.

म्हणून प्रॅक्टिसला मी घाणेरडा बेस वाजवला. जाड तारांवर, चोरट्या सुरांसकट. “नाही जमत रे,” म्हणालो. गाणाऱ्याने कपाळाला हात लावला. बेंजोवाला म्हणाला, “त्याच्याबिगर नाय जमायचं.” मला तेवढंच हवं होतं. दोन-तीन कार्यक्रम आम्ही तसेच रेटले आणि शिव्या खाल्ल्या.

मग त्याच्याच पुतणीची हळद ठरली. “प्रॅक्टिस माझ्या घरी करा,” असा त्याचा हट्ट. त्याच्या ओटीवर आम्ही मांडामांड केली. तो खुर्चीत बसला होता, डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवलेला. मी नेहमीसारखाच घाणेरडा वाजवला. दोन गाणी झाल्यावर तो बाकीच्यांना म्हणाला, “दर्यावर जरा वारा खाऊन या रे. माझं ह्या घाट्याशी काम हाय.” आमचं गाव घाटावरचं, म्हणून मी पहिल्यापासून घाट्याच.

ते गेल्यावर म्हणाला, “मला काय येडा समजतंस? डबा चुकला तर कुठंबी चुकंल. हा दर टायमाला त्याच जागी कसा चुकतो? तू चुकवतंस.”

मी वायर गुंडाळत बसलो.

“माझी जागा राखतंस?”

“तू येणारच आहेस की,” मी म्हणालो.

“नाय येनार.” अगदी सरळ म्हणाला. “डॉक्टरनं मला पयल्याच महिन्यात सांगितलंय. घरात समद्यांना ठावं हाय.”

मला एवढा राग आला. “मग इतके दिवस फोनवर हाय-हाय कशाला करत होतास?”

“नाय म्हटलं असतं, तर तुमी इचारायचं बंद केलं असतं.”

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या आणि तशाच आत गेल्या. मला रडू आवरेना. तो मात्र वैतागला. “रडतंस कशाला? साफ वाजव. माझ्या घरचं कार्य नि बेस असला? गावात तोंड दाखवायला जागा ठेव मला.”

मग मी बारीक तारांवर वाजवला. तो डोळे मिटून ऐकत राहिला. मधेच म्हणाला, “सूर लांबवू नको. थाप पडायच्या आधी तोड. ढोलकीला जागा दे.” मी तोडला. तीच त्याची ढब होती. इतकी वर्षं शेजारी उभा राहूनही ती कशात आहे हे मला कळलं नव्हतं. बाकीचे परत आले तेव्हा तोच त्यांना म्हणाला, “नवा मानूस बघू नका. ह्याच्याकडं हाय समदं.” बेंजोवाल्याने माझी पाठ थोपटली. मला तो हात झटकून टाकावासा वाटला.

हळदीच्या संध्याकाळी मांडव गच्च भरला होता. त्याला पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती. तो कायम माझ्या डाव्या हाताला उभा असायचा, त्यामुळे वाजवताना मी त्याला समोर असं कधी पाहिलंच नव्हतं. बेस सुरू झाला तशा बायका उठल्या, पोरं उठली, जमीन हादरायला लागली. एक पाहुणा त्याच्या कानाशी वाकून ओरडला, “बेस कोन वाजवतो रं? एक नंबर!” त्याने चांगल्या हाताने माझ्याकडे बोट केलं. पाहुणा नाचत पुढे गेला. बेसवाल्याचं बोट खाली आलं आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पुसायला त्याने हात उचलला नाही, कारण तेवढ्याने आजूबाजूच्यांना कळलं असतं. मी मान खाली घातली आणि थाप पडायच्या आधी सूर तोडत राहिलो. पुतणीच्या हळदीत माझ्याकडून एकही चूक झाली नाही.