तिचा श्वास

भिवंडीजवळच्या पूर्णे गावातून माझ्याकडे भरतनाट्यम शिकायला एक मुलगी यायची. सोळा वर्षांची. वडील गोदामात ड्युटीला, आई घरची थोडीफार भातशेती बघायची. माझ्या हाताखाली इतक्या मुली शिकल्या, पण तिच्यासारखं नाचाचं अंग कुणाचंच नव्हतं. ती गुडघे बाहेर वळवून अर्धमंडलीत बसली की बाकीच्या आपोआप तिच्याकडे बघून गुडघे नीट करायच्या.

आमचा वर्ग भिवंडीत एका लूमच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर भरायचा. खालच्या खडखडाटात माझे बोल मुलींना ऐकू यायचे नाहीत, म्हणून मी तिन्ही खिडक्यांना फोम चिकटवून त्या कायमच्या बंद केल्या आणि एसी बसवला. तरी सुताचं बारीक तूस जिन्यातून वर यायचंच. शिवाय फरशीवर पाय अडकू नयेत म्हणून मी रोज टाल्कम पावडर टाकायची. सोळा-सतरा मुली पाय आपटायच्या तेव्हा ट्यूबलाइटखाली पांढरं धुकं दिसायचं. मला ते तेव्हा सुंदर वाटायचं.

एकदा ती म्हणाली, "बाई, इथं हवा पुरत न्हाय."

"बाकीच्यांना कशी पुरते? स्टॅमिना वाढव."

त्यानंतर मध्ये सुट्टी झाली की जिन्यात जाऊन उभी राहायची, चौकटीला हात लावून. खांदे वरखाली व्हायचे. मी बघायची आणि पाठ फिरवायची. स्वतःला सांगायची, वयात आल्यावर मुली आळशी होतात.

कार्यक्रमाला आठ दिवस राहिले होते. तिल्लाना, म्हणजे शेवटचा जलद नाच, चालू होता. तिसऱ्या वेगात तिचा पाय चुकला. मी ताल थांबवला नाही, उलट जोरात ओरडले, "थांबायचं नाही!" तीही थांबली नाही. अजून एक आवर्तन पुरं केलं आणि खाली बसली, मग आडवी झाली. ओठ निळसर पडले होते. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

मुली खिडकीकडे धावल्या. खिडकी हलेना. मी ताल धरायच्या लाकडी दांडक्यानं काच फोडली. गरम वारा आत आला, आणि त्याच्याबरोबर लूमचा आवाज. तिला उचलून खाली आणलं, रिक्षात घातलं. रस्ताभर मी तिचं डोकं मांडीवर धरून होते. तिचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडेच बघत होती.

डॉक्टरांनी दमा सांगितला. "कोंडलेल्या जागेत धूळ, त्यात एवढी मेहनत. घरी बरी असते ना ती?" आईनं मान हलवली. मी खोकले तसे ते माझ्याकडे वळले, "आणि तुमचा हा खोकला कधीपासूनचा?" मी समजत होते, बोल म्हणून म्हणून घसा बसतोय.

बाहेर बाकावर तिच्या आईनं एवढंच विचारलं, "ती तुमाला सांगत व्हती ना?"



ती वाचली. मी ती जागा सोडली, वळ गावात एका समाजाच्या हॉलमध्ये वर्ग नेला. तिथं दोन्ही बाजूंनी वारा येतो, पावडर मी बंदच केली. ती दोनदा आली. दाराशी बसून नुसत्या हातांच्या मुद्रा केल्या. उभी राहून नाचली की पाच मिनिटांत दम लागायचा. तिसऱ्यांदा आली नाही. आता ती मानकोलीच्या एका गोदामात कॉम्प्युटरवर बसते, पर्समध्ये दम्याचा पंप असतो, असं तिच्या मैत्रिणीकडून कळतं. मी भेटायला गेलेले नाही.

मात्र अजूनही वर्गात तिसऱ्या वेगात, दोन बोलांच्या मधे, मला एक श्वास ऐकू येतो. लांब ओढलेला, अर्ध्यावर अडकलेला. मी थांबते.

"कुणाला दम लागलाय?"

मुली एकमेकींकडे बघतात. "कुणालाच नाही, बाई."

मी तरी सगळ्यांना खाली बसवते, आणि एकेकीजवळ जाऊन ऐकते.