जावयाचा विडा

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. कारण हा मूर्खपणा मी पूर्ण शुद्धीत, नीट विचार करून केलेला आहे.

आमचे सासरे साताऱ्याहून अमेरिकेत, आमच्याकडे शॉमबर्गला आले होते. माणूस खवय्या, पण कौतुक करताना हात आखडता. मी त्यांना टाको खाऊ घातले, पिझ्झा खाऊ घातला, पुरणपोळ्यासुद्धा लाटल्या. दर वेळी निकाल एकच. "ठीक आहे." मला त्यांच्या तोंडून फक्त एकदा "वा" ऐकायचं होतं. जावयाने सासऱ्याकडे याहून कमी काय मागावं?

ऑफिसात कुणीतरी एक थाई रेस्टॉरंट सुचवलं. एवढंसं, मोजक्या खुर्च्या, बाहेर पाटीही नाही. शेफबाई तुमच्यासमोरच रांधतात, आणि तेही थायलंडमधले लोकसुद्धा विसरून गेलेले जुने पदार्थ. खूप थांबून एकदाच्या तीन जागा मिळाल्या. पैसे आधीच भरायचे होते, भरून टाकले.

बसलो. आधी आली अननसाची एक फोड, वर शेंगदाण्याच्या गोड-तिखट सारणाची सुपारीएवढी गोळी. मग घोटभर सार. बाबांनी रिकामी वाटी तिरकी करून आत पाहिलं.

आणि मग शेफबाईंनी प्रत्येकासमोर एक हिरवं पान ठेवलं. त्यात भाजलेलं खोबरं, आलं, लिंबाचा तुकडा, वर गोड पाक. बाई काहीतरी समजावून सांगत होत्या, पण माझं लक्ष कुठलं? मला फक्त विडा दिसत होता. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे विडा कधी देतात? सगळ्यात शेवटी. म्हणजे जेवण संपलं की हो. फाईन डायनिंगमध्ये कमी वाढतात हे ऐकून होतो, पण सासऱ्यांना अननसाच्या एका फोडीवर उठवायचं?

त्यांनी तोंड उघडायच्या आत मी माझं पान तोंडात कोंबलं, बायकोला, सईला, हळूच म्हटलं, "सावकाश या, मी गाडीत आहे," आणि सटकलो.

गाडीतून जवळच्या उडपी हॉटेलात फोन लावला. "तिघं येतोय, डोशाचा तवा तापवून ठेवा." मग वाट बघत बसलो. अर्धा तास गेला तरी मला शंका नाही, कारण मराठी माणसाचा निरोप दारातच अर्धा तास चालतो. आणि सासऱ्यांना घाई करणार कोण? गाडीत पडलेली जुनी भाकरवडी संपवली. उडपीवाल्याचे दोन फोन येऊन गेले. शेवटी कुडकुडत आत गेलो.

बाबा बाह्या सरसावून भात कालवत होते. समोर वाट्याच वाट्या.

"संपला का ऑफिसचा कॉल?" सई म्हणाली. "तू ऑन-कॉल आहेस ना, म्हणून डिस्टर्ब नाही केलं यार."

"तुम्ही अजून जेवताय?"

"अजून काय? त्या पानानंतर तर जेवण सुरू झालं. ते ॲपेटायझर होतं."

बाबांनी मान वर केली. "वा, निखिलराव. जेवण असावं तर असं. तुमच्या वाटचं वाया जायला नको, म्हणून तेही मीच संपवलं."

मिळालं बरं का, एकदाचं "वा" मिळालं. पोट रिकामं होतं, पण ऊर अगदी भरून आला.

हात पुसत बाबा पुढे म्हणाले, "सगळं फर्स्ट क्लास. फक्त शेवटी एक विडा द्यायला हवा होता."

"बाबा," मी म्हटलं, "माझा खाऊन झालाय."