विकीचं पॅकेज आम्ही वाचवलं

लिनक्स या मोफत संगणकप्रणालीतलं विकीचं पॅकेज, म्हणजे तयार सॉफ्टवेअर, बसवलं की कुठल्याही शाळेला सगळ्यांनी मिळून माहिती लिहायची साइट चालवता येते. ते पॅकेज फार जुनं झालं होतं आणि लिनक्सवाले ते पुढच्या आवृत्तीतून काढून टाकणार होते. "थांबा, मी माणसं जमवते," असं मी सांगलीहून कळवलं. कोरेगावच्या एक शिक्षिका आणि कुंडलचे एक द्राक्षबागायतदार, दोघंही हौसेने प्रोग्रॅमिंग शिकलेले, तयार झाले. फावल्या वेळात तिघांनी ते नवं केलं.

शिक्षिकेने शाळेच्या विकीची प्रत त्यावर चालवून पाहिली, तर मराठी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! मी हबकलेच. बागायतदार फोनवर म्हणाले, "आवं ताई, एवढं केलंय, आता सोडायचं न्हाई." जुनी पानं नव्या विकीत नेतानाच अक्षरं बिघडत होती. ती चूक आम्ही सुधारली आणि पॅकेज राहिलं.

पुढे सांगलीतच विश्रामबागेतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल बाईंनी मला कौतुकाने त्यांचा विकी दाखवला. पानं स्वच्छ मराठीत होती.

"याचं पॅकेज आम्ही सांभाळतो," मी म्हणाले.

"आम्ही म्हणजे कुठली कंपनी?"

"कंपनी नाही हो. कोरेगाव, कुंडल आणि सांगली," मी सांगितलं आणि तिथूनच दोघांना फोन लावला.