टपावरची ब्रॅकेटं

"टपावर हत्ती बसवा, मास्तर! ब्रॅकेटं माज्या हातची हायेत," असं तो म्हणाला की मी माझी पिशवी मुकाट्याने मांडीवर घ्यायचो. लढाईच्या दिवसांत लोखंड मिळेना, म्हणून चौक-कर्जत मोटारीच्या या मालकाने बैलगाडीच्या चाकांच्या जुन्या लोखंडी धावा ठोकून सामानासाठी ती ब्रॅकेटं केली होती. खड्डा आला की एखादं निखळायचं आणि कुणाचं तरी बोचकं रस्त्यावर पडायचं. हा उतरून आधी ब्रॅकेट उचलायचा, फडक्याने पुसायचा आणि सामानवाल्यालाच झापायचा, "बांदायची अक्कल नाय तुमाला!" दहिवलीजवळ आमच्या आईची लोणच्याची बरणी फुटली, तेव्हा म्हणाला, "बरणीच कच्ची व्हती."

पुढे त्याच्या मुलीचं लग्न निघालं. वऱ्हाड त्याच्याच मोटारीत बसलं, पण टप रिकामा. रुखवत पुढे बैलगाडीत, आणि तिच्यामागे मोटार बैलांच्या चालीने रखडत होती.

मी विचारलं, "अहो, हत्ती बसवणार होतात ना? मग रुखवत बैलगाडीत का?"

तो माझ्यावरच खेकसला, "मास्तर, पोरीचं रुखवत हाय ते! फुटलं म्हंजे?"