दाजींच्या खिशातली मिरची

या, असे जवळ येऊन बसा. उंबऱ्याशी काय टेकलात परक्यासारखे? आणि तो फोन उपडा ठेवा जरा, पळून नाही जात कुठे. किती महिन्यांनी आठवण झाली म्हातारीची! आता आलाच आहात तर आमच्या दाजींचं ऐकूनच जा. अख्ख्या खानदेशात झोपेतसुद्धा शुद्धीवर असणारा माणूस एकच, तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आपल्याला स्वप्न पडलं होतं हे आपल्याला उठल्यावर कळतं. दाजींना ते स्वप्नात असतानाच कळतं, आणि मग ते आरामात पाय पसरून पुढचं बघत बसतात.

हे त्यांना शिकवलं आमच्या अक्काने, म्हणजे त्याच बहिणीने. दाजींनी आयुष्यभर बस चालवली. रात्रीची फेरी असायची, म्हणून झोप दुपारची. शिंदखेड्याच्या घरात ते झोपले, की अर्ध्या तासात स्वप्नातल्या बसचे ब्रेक निकामी व्हायचे आणि दाजी "बाजूला व्हा रे!" ओरडत भिंतीवर लाथा मारायचे. भिंतीचा चुना गेला, वर शेजारीण विचारायला लागली, की तुमच्याकडे दुपारी भांडणं का होतात? शेवटी अक्का वैतागली. म्हणाली, "खिशात हिरवी मिरची ठेवा. दिवसातून चार वेळा चावा. सवय लागली की स्वप्नातही हात खिशात जाईल. झोंबली तर खरं. नाही झोंबली तर स्वप्न, मग घाबरायचं कशाला?" शाळा चौथीपर्यंतची, पण डोकं बघा बाईचं! महिन्याभरात एका दुपारी स्वप्नातल्या घाटात ब्रेक गेले, दाजींचा हात खिशात गेला, मिरची चावली तर काकडीसारखी. "हाई सपन शे!" असं म्हणून त्यांनी स्टिअरिंग सोडून दिलं, बस उचलली आणि तापीवरून उडवत नेली. प्रवाशांना वरून केळीचे मळे दाखवले म्हणे. त्या दिवसापासून भिंत वाचली.

पण दिवसाची सवय सुटेना. माझी सून सांगते, की स्वप्न ओळखण्याच्या या विद्येला इंग्रजीत मोठं नाव आहे आणि लोक ती पुस्तकं वाचून शिकतात. दाजींचं सगळं पुस्तक सदऱ्याच्या खिशात. जरा काही नवलाचं घडलं, की कच्चकन चावा. मे महिन्यात दिवसभर वीज गेली नाही, चावली मिरची. मुलाने पुण्याहून उगाचच, काही काम नसताना फोन केला, चावली मिरची. डोळ्यांतून पाणी गळतंय, नाक लाल झालंय, आणि समाधानाने म्हणणार, "तिखट शे. म्हंजे खरं शे."

एकदाच गोंधळ झाला, आणि तो नेमका माझ्या लेकीच्या साखरपुड्यात. धुळ्याला, भर उन्हाळ्यात. नवरदेवाचे काका मोठे करारी, सगळी बोलणी त्यांच्या हातात, आणि डोक्यावर केसांचा टोप. टोप आहे हे सगळ्या मांडवाला ठाऊक, पण बोलणार कोण? एवढे कडक काका आमच्या दाजींना स्वतः बासुंदीचा आग्रह करायला आले. दाजींना ते नवल वाटलं. खिशातली मिरची चावली, तर झोंबेना. झालं! दाजींच्या चेहऱ्यावर ते उडत्या बसचं हसू आलं. उठून उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "काका, तो टोप काढा ना आता. बठ्ठासले माहीत शे. उगाच उकडून का घेता?"

मोडलं लग्न, मला वाटलं. अक्का तरातरा आली, दाजींच्या हातातली अर्धी मिरची हिसकून तिने स्वतः चावली आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा, ही तर भज्यांची, बिनतिखट मिरची शे!" काकांनी एकदा दाजींकडे पाहिलं, एकदा अक्काकडे. मग हळूच टोप काढला आणि त्यानेच स्वतःला वारा घालायला लागले. म्हणाले, "किती वर्षांनी डोक्याला हवा लागली हो!" साखरपुडा निर्विघ्न झाला. आता ते काका दाजींना भेटायला शिंदखेड्याला येतात, बोडक्या डोक्याने.

अक्का गेली त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर दाजी एकदा माझ्याकडे जळगावला आले ते तोंड उतरवून. मला म्हणाले, "धाकले, तुझी बहीण येते गं दुपारची. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजते, भरीत करते, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी वाढते. मी मिरची चावतो, झोंबत नाही. मला कळतं, की हे स्वप्न आहे. आणि आनंदाने असा दचकतो, की जागाच होतो. चार वेळा झालं. ती ताट वाढते आणि मी उठून जातो. काय वाटत असेल तिला?"

मी म्हटलं, "दाजी, मग मिरची चावूच नका. नुसते जेवा."

दाजी म्हणाले, "नुसता तर चाळीस वर्षं जेवलो. मान खाली घालून. ती रोज समोर बसलेली असायची, मी कधी पाहिलं नाही. आता ती नाही हे माहीत असताना तिच्यासमोर बसायचंय मला."

मी पदर डोळ्यांना लावला आणि चहा टाकला.

गेल्या हिवाळ्यात त्यांना जमलं. फोनवर आवाज असा, की जणू नातू झाला. "ताटाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली गं! दचकलोच नाही. अख्खी भाकरी खाल्ली. तिने विचारलं, मीठ बरोबर शे का? मी तिच्याकडे बघून म्हटलं, भरीत मस्त व्हयनं." मी विचारलं, "मग अक्का काय म्हणाली?" दाजी हसले. "म्हणाली, चाळीस वरीसमां पहिल्यांदाच बोलनात. मग मी हात धुतले आणि आपोआप जाग आली."

तेव्हापासून दाजींना नवीन खोड लागली आहे. माझ्याकडे जेवायला बसले, की आधी मिरची चावतात, तिखटाने डोळे भरतात, आणि मग म्हणतात, "खरी शेस ना तू? मग बस समोर. आधी भाजी वाढणारी बघतो, मग भाजी." मी लाजते हो या वयात. पण बसते.

आता उठू नका लगेच, आणि पुन्हा असे महिने घालवू नका. थंडी पडली की भरताची वांगी येतात, तेव्हा लवकर या. माझ्याही पदराला हल्ली एक मिरची बांधलेली असते. तुम्ही दारात दिसलात की चावून बघेन.