फॉर्मलीनमधले पाय

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. साप चावला तर काय करायचं आणि घरातली झुरळं कशी घालवायची. मी माश्यांवर काम करते असं सांगितलं की तेवढंही विचारत नाहीत. "म्हणजे दिवसभर माश्या मारता," असं म्हणतात आणि स्वतःच हसतात. डहाणूत मी राहते त्या इमारतीतल्या प्रत्येकाने हा विनोद एकदा तरी केलेला आहे, आणि प्रत्येकाला वाटतं की तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला.

माझी माशी ती नव्हे. ती मिठाईवर बसत नाही, कचऱ्यावर घोंगावत नाही. तांदळाच्या दाण्याहून लहान, अंगावर हिरवी-सोनेरी चमक, आणि पाय इतके लांब की पानावर उभी राहिली की साडी वर धरून चिखलातून चाललेल्या बाईसारखी दिसते. तिला लांब पायांची माशीच म्हणतात. बोर्डीच्या चिकूच्या वाड्यांमध्ये सकाळी पानं निरखून बघा, हमखास दिसेल. पण कुणी निरखत नाही. चिकू बघतात, भाव विचारतात आणि जातात.

या माश्यांच्या कितीतरी जाती आहेत आणि त्यांच्या माद्या एकमेकींसारख्या दिसतात. ओळख पटते ती नरावरून. नराच्या पायांवर काही ना काही नखरा असतो. कुणाच्या पायाला केसांची झालर, कुणाचा एखादा सांधा फुगलेला. तज्ज्ञांनी तयार केलेली ओळखतालिका घेऊन बसायचं, एकेक प्रश्नाला हो किंवा नाही म्हणत पुढे सरकायचं, शेवटी जातीचं नाव येतं. उधवा गावाजवळच्या एका ओहळात, ओल्या दगडांवर मला जो नर सापडला, त्याच्यापाशी ही तालिका अडली. त्याच्या मधल्या पायाचं टोक काळं, चपटं आणि पिसासारखं केसाळ होतं. तालिकेत असा पायच नव्हता. मी पुस्तकं काढली, जुने निबंध मागवले, पुन्हा पुन्हा ताडून बघितलं. ही जात कुणी वर्णन केलेली नव्हती. आयुष्यात मला फार कमी वेळा इतका आनंद झाला आहे.

नव्या जातीचं वर्णन छापायचं तर एक नर निवडून तो संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो. जातीचं नाव त्या एका माशीला बांधलेलं असतं. पुढे कुणाला शंका आली तर त्याने येऊन तीच माशी बघायची. म्हणून ती धड हवी आणि तिचे पाय तिचेच हवेत. मी हंगामभर ओहळावर जाऊन नर गोळा केले. प्रत्येकाला कागदाच्या टोकदार तुकड्यावर सरसाच्या थेंबाने चिकटवलं, टाचणी कागदाला लावली आणि पेटी तलासरीच्या आमच्या कॉलेजच्या कपाटात ठेवली, कारण बरा सूक्ष्मदर्शक तिथेच होता. दिवाळीच्या सुट्टीत चित्रं काढायची, मग लिहायला बसायचं, असं ठरवलं होतं.

त्याआधी तपासणी समिती आली. समिती येणार म्हटलं की आमच्या कॉलेजात लग्नघराची कळा येते. भिंतींना रंग लागतो, वर्षभर न लागणारे पंखे फिरायला लागतात, कुंड्या उसन्या आणल्या जातात. आमचे विभागप्रमुख माशाच्या कल्ल्यांवर डॉक्टर झालेले. त्यानंतर त्यांनी मासा फक्त ताटात पाहिला असावा. विभागाचं म्युझियम ही त्यांची अभिमानाची जागा. म्युझियम म्हणजे फॉर्मलीनच्या बरण्या. एकीत पिवळा पडलेला नाग, एकीत बेडूक, एकीत कधीकाळी शार्क असलेलं काहीतरी. जे बरणीत नाही ते प्राणिशास्त्र नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

समितीच्या दिवशी सकाळी मी कपाट उघडलं तर पेटीत नुसत्या टाचण्या आणि कागदाचे तुकडे.

"सर, माझ्या माश्या कुठे आहेत?"

"म्युझियममध्ये घेतल्या, मॅडम," ते म्हणाले. "पेटीत काही दिसत नव्हत्या. बरणीत कशा उठून दिसतात बघा."

वाळलेली माशी चिमट्याने ओढली की पाय जागेवर राहत नाहीत, ही गोष्ट पहिल्या वर्षाच्या मुलांनाही सांगावी लागत नाही. बरणीच्या तळाशी हिरवट गाळासारखी धडं पडली होती आणि वर तुटलेले केस तरंगावेत तसे पाय तरंगत होते. भर म्हणून सरांनी खिडकीत मेलेल्या घरमाश्याही त्यात टाकल्या होत्या. वर सुबक अक्षरात चिठ्ठी होती, स्थानिक माश्या.

"पाय तुटलेत, सर."

"बारीकच होते ना ते. माश्या तर सगळ्या आहेत."

जे तोंडात आलं होतं ते नोकरीत राहून बोलता येण्यासारखं नव्हतं. समितीचे अध्यक्ष बरणीपाशी थांबले, मान वाकवून त्यांनी आत पाहिलं आणि विचारलं, "मलेरियावर काम चालतं का इथे?" सर म्हणाले, "हो, चालतं." अध्यक्षांनी मान डोलावली. मग सगळे जेवायला गेले. चांगला शेरा मिळाला म्हणून दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे आले. माझ्या वाट्याचा पेढा मी खाल्ला नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी मुंबईला फोन केला. तिथे या माश्यांचे एक नावाजलेले तज्ज्ञ आहेत. त्यांनी इतक्या जातींना नावं दिली आहेत की ओळखीतले सगळे मंत्री आणि कुलगुरू संपून आता बहुधा व्याह्यांचा नंबर लागला असेल. मी झालेला प्रकार सांगितला. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "एवढं मनाला लावून घेऊ नका. धड आहे ना? पाय आहेत ना बरणीत? मग चिकटवा. आम्ही नाही का चिकटवले?"

त्या दिवसापासून त्यांनी वर्णन केलेल्या प्रत्येक जातीचे पाय मी संशयाने बघते.

तरी मी बरणी घेऊन बसले होते, हे खोटं कशाला सांगू. बारीक कुंचल्याने पाय एकेक करून बशीत काढले. काळ्या पिसाचे मधले पाय लगेच ओळखू आले. पण कुठला पाय कुणाचा, हे जगात कुणालाही सांगता आलं नसतं. ओहळावर या जातीसारखी दुसरी एखादी जात असली आणि मी दोन्ही एकत्र धरल्या असल्या तर? एका जातीच्या धडाला दुसरीचे पाय लावून मी जगात नसलेली माशी तयार केली असती आणि तिला नाव दिलं असतं. तसं करणारे आहेत आणि त्यांचे सत्कारही होतात. मी बशी धुतली.

मग पुढच्या हंगामापर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. ही माशी पाऊस ओसरल्यावर, दगड ओले असेपर्यंतच दिसते. दगड सुकले की संपलं, आणि त्या वर्षी ते तोवर सुकले होते. पुढच्या वर्षी पाऊस ओसरताच मी उधव्याला गेले. ओहळाच्या वरच्या अंगाला नवा सिमेंटचा बंधारा उभा होता. खाली पाण्याची एक करंगळीएवढी धार, आणि तिच्या आजूबाजूचे थोडेसेच दगड ओले. बाकीचे भाकरीच्या तव्यासारखे तापलेले. बंधाऱ्याच्या भिंतीवर मात्र उद्घाटन करणाऱ्यांची नावं मोठ्या अक्षरांत होती.

कपडे धुवायला आलेली एक बाई मला दगडांपाशी वाकलेली बघून थांबली.

"बाय, काय हुडकते?"

"माशी."

"तुज्या घरी नाय का माशा?" तिने अगदी गंभीरपणे विचारलं. निदान ती हसली नाही. डोक्यावरचं गाठोडं सावरून ती पुढे गेली.

सकाळभर फक्त माद्या दिसल्या. उन्हं वर आली तेव्हा एका ओल्या दगडावर तो दिसला. एकच नर, धडधाकट. मी किडे धरायची नळी तोंडात धरली. या नळीचं एक टोक किड्याजवळ न्यायचं आणि दुसऱ्या टोकाने हवा ओढायची, की किडा बाटलीत येतो. ओढायला घेतलं आणि थांबले. त्याच्यासमोर मादी उभी होती.

त्याने मधला पाय उचलला. काळं पीस तिच्यासमोर धरून थरथरवलं. बाजूला उडाला, परत आला, पुन्हा पाय उचलला. मादी जागची हलली नाही. तो थोडा जवळ सरकला आणि पुन्हा पाय उचलला. माझ्या टिपणात मी लिहून ठेवलं होतं, मधल्या पायाचं टोक काळं, चपटं, केसाळ. ते कशासाठी, हे लिहिलेलं नव्हतं, कारण कागदाला चिकटवलेली माशी ते सांगत नाही. वर्षभर त्या पायासाठी मी जगाशी भांडत होते आणि तो पाय काय करतो हे मला ठाऊक नव्हतं.

आणखी थोडी थांबले असते तर दोघं उडून गेली असती, आणि पुढच्या वर्षी इथे एखादा दगड ओला राहील याची खात्री नव्हती. मी हवा ओढली. त्याचा पाय तेव्हा वरच होता.

बाटली उजेडात धरून पाहिली. सगळे पाय शाबूत. वर्णन आता होणार होतं. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी स्वतःची किळसही आली. बुचाखालच्या कापसावर किडा मारायच्या औषधाचे थेंब टाकले आणि बूच लावलं.

मादी घाबरून उडाली होती. मी सामान आवरत होते तेव्हा ती परत आली, त्याच दगडावर, त्याच जागी, तोंड त्याच बाजूला करून. माश्या वाट बघत नाहीत, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. ती बराच वेळ तिथे उभी होती.